सासऱ्याचं पथ्य

जावयाने सासुरवाडीला जावं, पोटभर जेवावं, दुपारी ताणून द्यावी आणि आहेर घेऊन परत यावं. वाडवडिलांनी घालून दिलेली ही रीत काही उगीच नाही. पण अधिक ज्येष्ठात धोंड्याच्या जेवणासाठी अकोल्याला आलेल्या गोवर्धनने सासरच्यांच्या उपयोगी पडायचं ठरवलं, आणि तिथेच सगळं बिनसलं.

गोवर्धन अमरावतीजवळच्या वलगावचा माळी. बाजारात त्याची संत्री आणि त्याची तब्येत, दोन्ही नावाजलेली. वय सत्तावीस, मान बैलासारखी, चेहरा लालबुंद. (कधीमधी डोकं ठणकायचं, पण ते बाजारातल्या गलक्यामुळे, असं त्याचं त्यानेच ठरवून टाकलं होतं.) सासरे उत्तमराव अगदी उलट. मोर्णेच्या काठी वांगी-कोथिंबीर पिकवणारा, साठी उलटलेला, वाळल्या शेंगेसारखा माणूस. त्यांना एकदा मोटेवर चक्कर आली, एवढंच निमित्त झालं.

"शहरात नवे डॉक्टर आले म्हन्तात," सासूबाई पार्बताबाई जावयाला म्हणाल्या. "दंडाले पट्टा बांधून रगताचा जोर पायतात. पन हे काई जाऊन नाई राहिले."

"मले काय धाड भरली?" उत्तमराव म्हणाले.

"चला मामाजी, आधी मी बांधून घेतो. मंग तं भेव नाई?" गोवर्धन म्हणाला आणि सासऱ्याला टांग्यात घालून घेऊन गेला.

डॉक्टरांनी आधी गोवर्धनच्या दंडाला पट्टा गुंडाळला, रबरी फुगा दाबला आणि काचेच्या नळीतला पारा वर चढवला. मग हवा सोडली. पारा जेमतेम थोडा खाली सरकला तोच डॉक्टर "हं" म्हणाले. त्यांनी पुन्हा एकदा पाहिलं, पुन्हा तिथेच "हं". उत्तमरावांच्या वेळी मात्र पारा बराच खाली उतरला, तेव्हा कुठे "हं" आलं. गोवर्धनची सारी हयात तराजूपाशी गेलेली. ज्याचा आकडा वर त्याचा माल भारी, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. सासरा हलका भरला, हे त्याने तिथल्या तिथे ओळखलं.

डॉक्टर पट्टा गुंडाळत म्हणाले, "एकाचं ठीक आहे. एकाला मात्र कडक पथ्य पाळावं लागेल."

"पथ्य मले सांगा, डॉक्टरसाहेब. त्याची जिम्मेदारी माही."

"शाबास. मीठ बंद. लोणचं, पापड, ठेचा बंद. संताप करायचा नाही, आणि महिन्याभराने परत दाखवायचं."

कोणी, हे गोवर्धनने विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? एकीकडे सत्तावीस, एकीकडे साठ. रोग काय आंधळा असतो? (डॉक्टरांनाही बरं वाटलं. इतक्या शांतपणे ऐकून घेणारा माणूस त्यांना अकोल्यात अजून भेटला नव्हता.)

त्या दिवसापासून घरात गोवर्धनचं राज्य सुरू झालं. मिठाची बरणी त्याने फळीवर चढवली. बाजारातून सासऱ्यासाठी एक पितळी मुठीची काठी आणली आणि "मामाजी, आता हिच्याशिवाय चालाचं नाई," असं बजावलं. दोन्ही वेळा तो सासऱ्याच्या शेजारी ताट मांडून बसे. उत्तमराव मुकाट्याने अळणी भाकर गिळत, आणि गोवर्धन ठेच्यावर तेल ओतून घेत म्हणे, "मामाजी, मानसानं जिभेवर ताबा ठेवला पायजे."

"तुमचंबी डोकं दुखते," त्याची बायको वच्छला एकदा म्हणाली. "तुमी बी थोडं कमी खा न."

"अवं, म्हातारपनाचा रोग हाय तो. तरन्याले शिवत नाई," असं म्हणून त्याने आणखी एक पापड मागितला.

काठी खुंटीवर टांगून उत्तमराव मळ्यात जातच राहिले. ज्येष्ठाचं ऊन, दिवसभर घाम, आणि पोटात मिठाचा खडा नाही. धोंड्याच्या आदल्या दुपारी त्यांच्या पायांत गोळे आले आणि ते वांग्यांच्या वाफ्यात आडवे झाले. अख्खी माळीवाडी गोळा झाली. टांगा पाठवून डॉक्टरांना आणलं.

"काय खाल्लं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काई नाई जी," पार्बताबाई रडत म्हणाल्या. "तुमी सांगतलं तसं मीठबी तोडलं."

"यांचं? उन्हात राबणाऱ्या माणसाचं मीठ तोडायला कोणी सांगितलं?"

सगळ्यांनी गोवर्धनकडे पाहिलं. जेवता जेवता उठून धावल्यामुळे त्याच्या हातात अर्धा पापड राहिला होता. तो त्याने धोतराच्या सोग्यात दडवला. पापड मोडल्याचा आवाज सगळ्या वाडीने ऐकला.

डॉक्टरांनी उत्तमरावांना मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि मग गोवर्धनकडे वळले. "अहो, यांचं ठीक होतं. पथ्य मी तुम्हाला सांगितलं होतं."

"मले? मी तं तरनाताठा हावो, डॉक्टरसाहेब. मले काई होत नाई."

"होईपर्यंत कोणालाच काही होत नाही. वडील आहेत?"

"नाई. अंगावरून वारं गेलं त्यायच्या."

"तब्येतीने कसे होते?"

वच्छलाच पदर तोंडाशी धरून म्हणाली, "अशेच होते. लाल, गोल. चाळिशीबी पायली नोती त्यायनं."

गोवर्धनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाकडं झालेलं तोंड घेऊन अंगणात खाटेवर पडलेला बाप त्याला दिसला, आणि त्याला पहिल्यांदा भीती वाटली. पण भीतीपेक्षा लाज मोठी होती. स्वतःचं पथ्य त्याने एका म्हाताऱ्याच्या गळी उतरवलं होतं, शेजारी बसून ठेचा खात. रातोरात गाडी पकडून पळून जावं असं त्याच्या मनात आलं. पण धोंडा न खाता जावई गेला तर त्याची चर्चा थेट अमरावतीपर्यंत पोचली असती.

दुसऱ्या दिवशी पाटाभोवती रांगोळी, समोर निरांजन, तबकात अनारसे, सगळं रीतसर होतं. पंगतीत सगळ्यांच्या ताटात मीठ वाढलं, जावयाचा कोपरा कोरा. पाटवड्यांचा रस्सा त्याच्यासाठी वेगळा, अळणी. पार्बताबाई त्याच्याकडे न बघता वाढत होत्या, आणि सगळी पंगत त्याच्याकडेच बघत होती.

गोवर्धन खाली मान घालून म्हणाला, "मामाजी, चुकलो मी."

"जाऊ द्या," उत्तमराव म्हणाले. त्यांनी ठेचा दुसऱ्यांदा मागून घेतला, वर तेल ओतलं आणि बोट चाटलं. "जवाईबापू, मानसानं जिभेवर ताबा ठेवला पायजे."

पंगत इतकी हसली की दोघांना ठसका लागला. हसली नाही ती फक्त वच्छला. तिने नवऱ्याच्या ताटातला कोरा कोपरा पाहिला आणि ती आत निघून गेली. ते गोवर्धनला हसण्याहून जास्त लागलं.

निघताना उत्तमरावांनी आहेर केला. धोतरजोडी, टोपी आणि वरती ती पितळी मुठीची काठी.

"मामाजी, हे तुमची हाय," गोवर्धन पुटपुटला.

"मले कायले? मी साठीचा मानूस," उत्तमराव म्हणाले. "तुमी सांभाळून जा."

टांगा रस्त्यावर उभा होता. वच्छलाने ट्रंक उचलली आणि त्याला हातही लावू दिला नाही. टांग्यापर्यंत जाता जाता गोवर्धनचं डोकं ठणकलं. या वेळी आसपास बाजार नव्हता. त्याने हळूच मागे वळून पाहिलं. सगळी माळीवाडी दारात उभी होती. गोवर्धनने काठी टेकली.