शिवलेला निकाल

सात दिवसांत दुकान रिकामे करावे, अशी नोटीस शिंप्याच्या हाती पडली, तेव्हा तो दुकानाच्या मालकाच्याच कोटाचे अस्तर उसवत होता. हा कोट आठ महिने ‘परवा’ मिळणार होता. मालक बहात्तर वर्षांचे. त्यांची सहनशक्ती संपुष्टात आली, यात नवल ते काय.

“वकील गाठा,” बायको म्हणाली.

“कशाला?” लेकीने मोबाइल पुढे केला. “बाबा, कायदे, कोर्टाचे निकाल, सगळं इथे आहे. कोणीही वाचावं. फुकट.”

“फुकट? आणि हे वकिलांना ठाऊक आहे?”

शिंपी हात धुऊन आला, मगच त्याने त्या पडद्याला बोट लावले. थोरामोठ्या न्यायमूर्तींचे शब्द एका कात्री चालवणाऱ्यासमोर निमूट उलगडत होते. कोणी पायरीवर अडवले नाही, कोणी ‘काय काम आहे’ म्हणून विचारले नाही.

लेकीने भाडेकरूच्या खटल्याचा एक एकतीस पानी निकाल शोधून छापून आणला. शिंप्याने तो मशीनवर दुहेरी टीप मारून शिवला, कडेला निळी पट्टी लावली आणि वाचावयास घेतला. ‘गरीब भाडेकरूस अशा रीतीने हुसकावणे सर्वथा अन्यायाचे आहे.’ अकराव्या पानापर्यंत असेच अमृत होते; तिथेच त्याने ते समाधानाने मिटले.

“शेवट वाचलात का?” बायकोने विचारले.

“ज्याचा प्रारंभ एवढा न्याय्य, त्याच्या शेवटावर संशय घ्यायचा?”

दुसऱ्या दिवशी त्याने ते पुस्तक ताठ मानेने मालकांच्या हाती दिले. मालकांनी चष्मा चढवला आणि सवयीप्रमाणे थेट शेवटचे पान काढले.

“मास्तर, तुम्ही वाचलंत ते भाडेकरूच्या वकिलाचं म्हणणं. कोर्टाने ते अमान्य केलंय. मालक जिंकलाय.”

शिंप्याने पुस्तक परत घ्यायला हात पुढे केला. पण मालक पुन्हा पहिल्या पानाकडे वळले, पुन्हा शेवटच्या. बराच वेळ ते तारखाच पाहत राहिले.

“खटल्याला एकोणीस वर्षं लागली,” ते हळूच म्हणाले. “ताबा त्या मालकाच्या नातवाला मिळाला.” मग त्यांनी त्या टिपेवरून अंगठा फिरवला. “हे कधी शिवलंत?”

“काल. चहा गाळून होईपर्यंत.”

“आणि माझा कोट आठ महिने?”

शिंपी गळ्यातली टेप गुंडाळू लागला.

“परवा कोट द्या, नोटीस परत घेतो. परवा म्हणजे परवा. एकोणीस वर्षं थांबायला मी मोकळा नाही.”

आणि खरोखरच परवा, शेवटच्या बटणासह, कोट मालकांच्या अंगावर चढला.

“आता तरी कळलं ना?” बायको म्हणाली. “शेवटपर्यंत वाचायला हवं होतंत.”

शिंप्याने निळ्या पट्टीचे ते पुस्तक फळीवर, सर्वांत वर, आदराने ठेवले.

“शेवटपर्यंत वाचलं असतं,” तो म्हणाला, “तर त्याच दिवशी मशीन उचलून चालता झालो असतो.”