आळशी माणसाला या शाळेत जागा

सुतारशाळेचे मास्तर सकाळी वर्गात आले, त्यांनी हजेरीपट उघडला, तीन नावं घेतली आणि हजेरीपट मिटला. पूर्वी हेच काम दहा मिनिटं चालायचं.

शाळेत विद्यार्थी टिकत नव्हते आणि त्याचं कारण मास्तर सोडून सगळ्यांना माहीत होतं. मास्तर पहिले चार महिने फक्त रंधा मारायला लावत. फळी घ्यायची, गुळगुळीत करायची, मास्तरांना दाखवायची. मास्तर तिच्यावर बोट फिरवणार आणि म्हणणार, "अजून." दोन महिन्यांत फळीचा कागद होत असे आणि विद्यार्थी पळून गेलेला असे. मास्तरांचं म्हणणं एकच होतं, घाम गाळल्याशिवाय लाकूड ऐकत नाही. ते स्वतः घाम गाळत, त्यामुळे त्यांना उलट बोलायची सोय नव्हती.

त्या सोमवारी संस्थेचे चिटणीस आले. वर्गातल्या वीस बाकांकडे आणि तीन माणसांकडे पाहून त्यांनी चष्मा पुसला.

"मास्तर, महिनाअखेरपर्यंत वीस विद्यार्थी दाखवा. नाही तर ही जागा गोदामाला जाणार. मी काही बोलू शकणार नाही."

"तीस वर्षं शिकवतोय मी इथं."

"तेच म्हणतोय. तीस वर्षांत तीन."

मास्तर घरी आले ते न बोलताच. मास्तरीणबाईंनी दोनदा चहा गरम केला आणि तिसऱ्यांदा विचारलं, "काय झालं ते सांगणार आहात, का मी शेजारी जाऊन विचारू?"

मास्तरांनी सांगितलं. बाई व्यवहारी होत्या. "शाळेच्या कुंपणभिंतीवर जाहिरात रंगवा. समोर बसथांबा आहे, दिवसभर लोक उभे असतात. त्यांना वाचायला दुसरं काही नाही. माझ्या भावाला सांगते, तो फुकट रंगवून देईल."

मास्तरांना कल्पना पसंत पडली. त्यांनी तासभर विचार करून मजकूर लिहिला आणि बाईंपुढे ठेवला. 'आळशी माणसाला या शाळेत जागा नाही.'

बाईंनी कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं.

"अहो, विद्यार्थी बोलवायचेत का हाकलायचेत?"

"ज्याच्यात धमक आहे तो हे वाचून धावत येईल."

"आणि नाही आला तर?"

"तर तो आळशी," मास्तर म्हणाले. विषय संपला.

मास्तरांचा मेहुणा पेंटर होता, पण त्याला कोणी पेंटर म्हटलेलं आवडत नसे. तो स्वतःला अक्षरकार म्हणवून घेई. रविवारी शाळा बंद असताना तो शिडी, डबे आणि सात ब्रश घेऊन आला. नुसता 'आ' काढायला त्याला दुपार झाली. त्या 'आ'ला तीन हात रंग होता, निळी सावली होती आणि सावलीला पुन्हा पांढरी कड होती. 'ळ'च्या पोटात तर त्याने जीव ओतला. संध्याकाळी 'जागा'मधला शेवटचा काना ओढून तो शिडीवरून उतरला, चार पावलं मागे गेला आणि त्याच्या लक्षात आलं की भिंत संपली आहे.

पुढे लोखंडी फाटक होतं. फाटकाच्या पलीकडे मात्र भिंतीचा हातभर तुकडा होता. त्याने बंद फाटक ओलांडून त्या तुकड्यावर 'नाही' लिहिलं, तितकंच ठसठशीत, तितकीच निळी सावली देऊन.

"अंतर जरा जास्त पडलंय," मास्तर म्हणाले.

"दाजी, त्याला दम घेणं म्हणतात. माणूस 'जागा'पाशी थांबतो आणि मग 'नाही' त्याच्या छातीवर आदळतं."

मास्तरांना आदळण्याची कल्पना आवडली.

दोघांच्याही ध्यानात एक साधी गोष्ट आली नाही. ते फाटक बाहेरच्या बाजूला उघडत असे आणि पूर्ण उघडलं की नेमकं त्या हातभर तुकड्यावर जाऊन टेकत असे. वरून त्याला जाड पत्रा ठोकलेला होता. म्हणजे शाळा बंद असली की भिंत म्हणे, 'आळशी माणसाला या शाळेत जागा नाही.' आणि शाळा उघडली की दिवसभर बसथांब्यावरच्या लोकांना सांगे, 'आळशी माणसाला या शाळेत जागा.'

मास्तर सगळ्यांत आधी येत आणि सगळ्यांत शेवटी जात. त्यांना भिंत दोन्ही वेळा पूर्ण वाक्यच बोलताना दिसे.

मंगळवारी सकाळी साडेदहाला एक बाई आपल्या तिशीतल्या मुलाला दंडाला धरून घेऊन आल्या. मुलगा अंगाने भरलेला होता, चेहरा शांत, डोळे अर्धे मिटलेले. बाईंनी त्याला भिंतीला टेकवून उभं केलं, जसा एखादा गुंडाळलेला गालिचा उभा करावा.

"मास्तर, खोटं बोलणार नाही. आमचा हा फार आळशी आहे. चालेल ना?"

मास्तरांना त्या माउलीचं कौतुक वाटलं. "स्वतःच्या मुलाबद्दल इतकं खरं बोलायला धैर्य लागतं, ताई. काळजी करू नका. इथं तो सुधारेल."

बाईंचा चेहरा पडला. "सुधारायलाच पाहिजे का? तसं तुम्ही लिहिलेलं नाही."

"ते न लिहिताच कळतं," मास्तर म्हणाले आणि नाव लिहून घेतलं.

दुपारी एक आजी आपल्या नवऱ्याला घेऊन आल्या. दुकान मुलांच्या हाती दिल्यापासून हे आजोबा खाटेवरून उतरले नव्हते. "दहा ते पाच इथं राहिले तरी मला घर झाडता येईल," आजी म्हणाल्या. बुधवारी चौघे आले, गुरुवारी सहा. दोघं भाऊ तर एका रिक्षातून उतरले, आणि त्यांना बसथांब्यासमोरच्याच गल्लीतून यायचं होतं. त्या आठवड्याअखेर हजेरीपटावर बावीस नावं झाली.

"बघितलंस?" मास्तर बायकोला म्हणाले. "खरं बोलायचं, कडक बोलायचं. लोकांना तेच हवं असतं."

"हो," मास्तरीणबाई म्हणाल्या, "पण परवा डबा द्यायला आले तेव्हा एकाने मला विचारलं, उशी घरून आणायची का शाळा देते?"

"पाठीला त्रास असेल बिचाऱ्याला."

मास्तरांना वर्गातही थोडं वेगळं वाटत होतं. फळ्या वाटल्या की विद्यार्थी त्या डोक्याखाली घेऊन बघत. भुशाच्या ढिगाभोवती जागेवरून भांडण होई, पण तेही बसल्या बसल्या. पहिल्या बाईंच्या मुलाचं नाव दुसऱ्याच दिवशी निवांतराव पडलं होतं. तो एका हाताने रंधा मारी आणि दुसरा हात विश्रांतीला ठेवी. मास्तरांनी फळीवर बोट फिरवून "अजून" म्हटलं की तो प्रेमाने म्हणे, "उद्या."

दुसऱ्या आठवड्यात चिटणीस बसने आले. बसमधून उतरले, रस्ता ओलांडण्यासाठी थांबले, समोर बघितलं आणि तसेच तरातरा वर्गात शिरले.

"मास्तर! ही शाळा आहे का धर्मशाळा?"

"काय झालं?"

"चला माझ्याबरोबर."

त्यांनी मास्तरांना हाताला धरून रस्त्यापलीकडे नेलं. शाळा भरलेली असताना मास्तर तीस वर्षांत कधी त्या बाजूला उभे राहिले नव्हते. त्यांनी भिंत वाचली. मग फाटकाकडे बघितलं. मग पुन्हा भिंत वाचली. त्यांचे ओठ 'नाही' म्हणत होते, पण भिंत म्हणत नव्हती. शेजारी बसची वाट बघणारा एक गृहस्थ आपलेपणाने म्हणाला, "चांगली सोय केलीय हो यांनी. सरकारनं करायला पाहिजे होतं."

मास्तर परत आले ते एकदम दहा वर्षांनी म्हातारे होऊन. चिटणीस मागोमाग होते. मास्तर टेबलापाशी उभे राहिले. वर्गात बावीस माणसं, काही बसलेली, काही तशी म्हणता येणार नाहीत अशी.

"ऐका," ते म्हणाले. "तुम्ही चुकून आलात. भिंतीवरचं वाक्य अर्धं दिसत होतं. ही कष्टाची शाळा आहे. इथं हाताला फोड येतात. मी तुम्हाला फसवून ठेवणार नाही, माझी शाळा बंद पडली तरी चालेल. ज्याला कष्ट नको असतील त्याने आत्ता उठावं आणि घरी जावं."

मास्तर थांबले. चिटणीस घड्याळाकडे बघत राहिले. एक मिनिट गेलं, पाच मिनिटं गेली.

एकही माणूस उठला नाही. उठायचं, चपला शोधायच्या, उन्हात रस्ता ओलांडायचा, थांब्यावर उभं राहायचं, घरी जाऊन सगळं समजावून सांगायचं, असा हिशोब बावीस चेहऱ्यांवर एकदम उमटला आणि एकदम मिटला. निवांतरावांनी फक्त पाय थोडे लांब केले.

चिटणीसांनी चष्मा काढला. त्यांना गहिवरून आलं होतं. "मास्तर, माझा गैरसमज झाला. ही जिद्द मी आयुष्यात बघितली नाही." पण ते शेवटी चिटणीस होते. "तरीही नुसती डोकी मोजून संस्थेची सभा ऐकणार नाही. आपल्या सभागृहाला खुर्च्या करायच्यात. महिनाअखेर एक नमुना करून दाखवा. पसंत पडला तर शाळा चालू. नाही तर गोदाम."

मास्तरांनी दुसऱ्या दिवशी आपल्या हातची जुनी खुर्ची वर्गात आणली. शिसवी लाकूड, काटकोनात ताठ पाठ, सांध्यात केस जाणार नाही. "अशी करायची," ते म्हणाले. "बसून बघा."

निवांतराव बसले आणि क्षणात उठले. त्यांना इतक्या चटकन उठताना कोणी पाहिलं नव्हतं.

"मास्तर, ही माणसासाठी आहे का शिक्षेसाठी?"

"खुर्चीत ताठ बसायचं असतं!"

"ताठ तर उभंही राहता येतं. मग खुर्ची कशाला?"

वर्गात हुंकार उठला. मास्तरांचे कान तापले. "फार कळतं ना? मग तूच करून दाखव!"

त्या दिवशी दुपारी निवांतराव झोपले नाहीत. लाकडाचा तुकडा घेऊन ते पाठीमागे धरून बघत होते, कधी वर, कधी खाली, कधी तिरका. चौथ्या दिवशी त्यांची पहिली खुर्ची उभी राहिली आणि त्यांच्यासकट खाली बसली.

"सांधा ढिला," मास्तर म्हणाले. "रंधा धड मारला नाहीस. पृष्ठभागच बसत नाही एकमेकांवर."

"कसा मारायचा?" निवांतरावांनी विचारलं. हा प्रश्न मास्तरांना कित्येक वर्षांत कोणी विचारला नव्हता. त्यांनी निवांतरावांच्या हातावर हात ठेवून दाखवलं.

दुसरी खुर्ची टिकली, पण पाठीला बोचली. मोडली. तिसरीत बसल्यावर पाय अधांतरी राहिले. मोडली. आता वर्गही गोळा झाला होता, कारण बसण्या-लोळण्याच्या विषयात तिथे एकाहून एक जाणकार होते. दुकानवाले आजोबा डोळे मिटून बसत आणि म्हणत, "कंबरेला बरंय, पण मान एकटी पडते." दोघा भावांनी हात्याची रुंदी ठरवण्यासाठी सबंध सकाळ वाद घातला आणि शेवटी करवत घेऊन स्वतःच कापायला बसले. ज्याने उशीबद्दल विचारलं होतं, त्याने पाठीचा बाक असा काही खरवडला की मास्तर त्यावर बोट फिरवत राहिले आणि "अजून" म्हणायचं विसरले.

मधल्या एका दुपारी निवांतरावांची आई आली. भुशाने माखलेला, घामाने निथळणारा, दातात खिळा धरलेला माणूस पाहून ती दारातच थांबली.

"मास्तर, हा आमचाच ना?"

"तुमचाच."

तिने पुढे होऊन त्याच्या कपाळाला हात लावला. "ताप नाही," ती पुटपुटली, आणि तरी डॉक्टरांना विचारायला गेली.

अकरावी खुर्ची महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी दोन वाजता पुरी झाली. चिटणीस कागद-पेन घेऊन आले. त्यांनी खुर्ची हलवून बघितली, उलटी करून बघितली, सांध्यांत नख घालून बघितलं. मग बसले.

"एकंदरीत," ते लिहिता लिहिता म्हणाले, "बांधणी मजबूत आहे. पाठीचा कोन… कोन जो आहे… तो…"

पेन घरंगळून खाली पडलं. चिटणीसांची मान त्या नेमक्या जागी टेकली जिच्यासाठी आजोबांनी आठ दिवस हट्ट धरला होता. मंद घोरणं सुरू झालं. बावीस माणसं चवड्यांवर उभी राहून ऐकत होती, जाणकारांनी गाणं ऐकावं तशी. कोणी खोकलं सुद्धा नाही. मास्तर दारात जाऊन उभे राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला गप्प बसवू लागले.

दीड तासाने चिटणीस जागे झाले, टाय नीट केला आणि म्हणाले, "मी विचार करत होतो. साठ खुर्च्या करा. आणि एक माझ्या घरी."

ते गेल्यावर वर्गात आरडाओरडा झाला. मास्तर खुर्चीपाशी आले. त्यांनी निवांतरावांचा हात धरला. तळव्यावर पाच फोड होते, दोन फुटलेले. मास्तर ते फोड थोडा वेळ बघत राहिले, मग त्यांनी खुर्चीवरचा भुसा आपल्या धोतराच्या सोग्याने झटकला.

"बस," ते म्हणाले. "इतके दिवस राबलास. पोटभर बस आता. मी हाक मारणार नाही."

निवांतराव खुर्चीजवळ वाकले. त्यांनी हात्यावरून बोट फिरवलं, पुढे नेलं, मागे आणलं आणि एका जागी थांबले.

"इथं खरखरतंय, मास्तर. जरा पॉलिशपेपर द्या. साठ करायच्यात, बसायला वेळ कुठाय?"