खाणाऱ्याचं नाव सांगा

लखूमावशीकडून मिरची घ्यायची तर आधी जबानी द्यावी लागते. वाणगावच्या बाजारात तिच्या टोपलीपुढे उकिडवं बसलं की भाव नंतर, आधी "कोण खाणार?" घरात माणसं किती, तिखट कुणाला सोसतं, पोरं लहान आहेत का. एका गिऱ्हाइकानं उत्तर द्यायचं टाळलं, तर "मग शेजारणीकडून घे बाबा," म्हणत हिनं टोपलीवर फडकं टाकलं.

मावशी गंजाड गावची, तिथल्या बायकांच्या मिरची गटातली. मी निवृत्त शाळामास्तर. त्या गटाचे इंग्रजी कागद मीच लिहितो. त्यांची मिरची युरोपात जाते. विषारी फवारणी नाही, मजुरी चोख, असं बरोबरीच्या व्यापाराचं प्रमाणपत्र आहे, म्हणून भावही बरा मिळतो. पेटीवर एक चौकोनी छाप असतो. त्यावर मोबाइल धरला की पिकवणारीचं नाव, फोटो, शेत, विहीर, सगळं दिसतं.

हे मी मोठ्या कौतुकानं मावशीला सांगायला गेलो आणि फसलो.

"म्हणजे त्यांना माझी विहीरसुद्धा दिसते, आणि मला त्यांची चूलही नाही? वर म्हणता बरोबरीचा व्यापार! काय मास्तर, शिकलेले ना तुम्ही?"

मी मोबाइल खिशात टाकला.

जानेवारीत युरोपातून एक बाई तपासणीला आल्या. तपासणीच्या कागदावर एकीची जरी सही राहिली तरी अख्ख्या गटाचं प्रमाणपत्र अडणार, आणि माल इथेच सडणार. बाईंनी विचारलं, पाणी कुठलं, खत कुठलं, रिकाम्या पिशव्यांचं काय करता. मावशीनं शहाण्यासारखी उत्तरं दिली. मी सुटलो एकदाचा म्हणून पेन पुढे केलं, तर हिनं हात पदराखाली घेतले.

"आता माझी पाळी. विचारा तिला, मिरची कोण खातं?"

बाकीच्या बायकांनी कपाळाला हात लावला. मी घाम पुसत भाषांतर केलं. बाईंना वाटलं, हिला बाजारपेठेची माहिती हवी आहे. त्या आकडे सांगू लागल्या.

"आकडे नकोत गो. तू खातेस का? कशात घालतेस? जेवायला सोबत कोण असतं?"

बाईंनी वही मांडीवर ठेवली. मग हळू आवाजात म्हणाल्या, खाते. अंड्यात अर्धी मिरची. घरी एकटीच असते. ताट वगैरे काही नाही, ओट्यापाशी उभ्यानंच खाऊन घेते.

मी सांगितलं, तसा मावशीचा चेहरा उतरला. दोन्ही मुलगे वापीच्या कारखान्यात गेल्यापासून तीही एकटीपुरतीच भाकर थापते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती मात्र त्याबद्दल कधी अवाक्षर बोलली नव्हती.

"मलापण एकटीला घास जात नाही गो बाय," ती बाईंकडे बघून थेट मराठीतच म्हणाली. "घरात विचारायला कोण नाही, म्हणून बाजारात विचारत बसते."

मग तिनं पेन घेऊन शांतपणे सही केली.

"मास्तर, तिला सांगा, उभ्यानं जेवायचं नाही. मी रात्री साडेसातला ताट घेऊन बसते. तिनंही तेव्हाच बसावं. म्हणजे दोघी होऊ."

मी शब्दन्‌शब्द सांगितलं. आपल्याकडे साडेसात होतात तेव्हा तिकडे दुपारचे तीन वाजलेले असतात. बाईंना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. तरी त्यांनी वहीत तेवढी वेळ टिपून घेतली.