चेंडूचा दावा आणि प्रतिवादीचे वारस

मंगळवारी सकाळी बाबांनी सदऱ्याला इस्त्री केली, चष्मा पुसला आणि मला विचारलं, "आज अकराला आपला पुकारा आहे. येतेस?"

"बाबा, तो चेंडू देऊन टाका ना त्या पोरीला."

"देऊन टाकला तर दावा संपेल."

"मग संपू दे की!"

"तुला कायद्यातलं काही कळत नाही," असं म्हणून ते शीळ घालत निघाले.

प्रकरण असं होतं. आमच्या भिंतीपलीकडे शाळा आहे. तिथे विधी महाविद्यालयाचे काही स्वयंसेवक विद्यार्थी चौथीच्या मुलांना न्यायालयाची ओळख करून द्यायला येत. पेन्सिलचोरीचा सरावाचा खटला आरोपीने पहिल्याच मिनिटाला रडून मिटवल्यामुळे त्यांना खराखुरा वाद हवा होता. तो वर्गातल्या एका फटाकडी मुलीने पुरवला. तिच्या चेंडूने आमची कुंडी फुटली होती आणि बाबांनी चेंडू ठेवून घेतला होता.

बाबा कोर्टातले निवृत्त कारकून. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांना तारखा दिल्या. आता कोणीतरी त्यांना तारीख देणार म्हटल्यावर ते अक्षरशः तरारले. पहिल्या सुनावणीला त्यांनी हरकत घेतली, की दाव्याच्या कागदाला समास सोडलेला नाही. दुसऱ्या सुनावणीला, की वादी अल्पवयीन आहे, तिने पालकामार्फत यावं. फटाकडीने मोठ्या भावाला आणलं. तो पाचवीत होता. त्याच्यासाठी पालक शोधण्यात तीन आठवडे गेले. मग स्थळपाहणी निघाली. अडतीस मुलं रांगेने आमच्या अंगणात आली, कुंडीचा पंचनामा झाला आणि सगळ्यांना सरबत मिळालं. आमच्या घरात अडतीस पेले आहेत, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

न्यायाधीश म्हणजे दुसऱ्या वर्षातली एक ताई. काळा कोट तिच्या उंच भावाचा होता, त्यामुळे सही करायची तर आधी हात शोधावा लागे. मुलांना न्यायप्रक्रियेचा हुबेहूब अनुभव मिळत असल्याचं महाविद्यालयाने अहवालात समाधानाने नोंदवलं. सहा महिन्यांत एकही निकाल लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी चहा गाळून मी हाक मारली. बाबा खुर्चीतून उठले नाहीत.

पंधरा दिवसांनी वहीच्या दुरेघी कागदावर नोटीस आली. 'प्रतिवादी मयत झाल्याचे समजते. सबब वारसांनी हजर राहावे.' खाली पेन्सिलीने 'आम्हाला खूप रडू आलं' असं लिहिलेलं होतं. ते खोडून ताईने शेजारी शेरा मारला होता : गैरलागू.

मी चेंडू घेऊन गेले. त्या दिवशी प्रमाणपत्रं वाटायची असल्यामुळे मागच्या बाकांवर गुडघे दुमडून पालक बसले होते. वर्गनायकाने दारातून बाबांच्या नावाचा तीनदा पुकारा केला. तिसऱ्याला मी उभी राहिले आणि चेंडू टेबलावर ठेवला.

"चला, दावा निकाली!" ताई उत्साहाने म्हणाली.

फटाकडीने चेंडूकडे बघितलंही नाही. तिची वकील, दोन वेण्यांची, उठली. "कसा निकाली? कारण लिहिल्याशिवाय निकाल होत नाही, तुम्हीच शिकवलंय. आजोबांनी चेंडू का दिला नाही?"

"अगं, ते आता कसं कळणार?"

"वारस आहे ना. मावशी, आजोबांना चेंडू खेळायचा होता?"

"नाही."

"मग कुंडीचा राग आला होता?"

"नाही गं. चेंडू दिला असता तर तुम्ही आला नसतात."

वर्ग खो खो हसला. "आम्ही तर पलीकडेच असतो! हाक मारायची की!" फटाकडी ओरडली. ताईने डस्टर आपटलं.

वकील मात्र हसली नाही. "घरी बोलायला कोणी नव्हतं?"

"संध्याकाळी मी असायचे."

"आणि दिवसभर?"

"कोणी नाही."

"हे कोणाला माहीत होतं?"

मागच्या बाकांवरच्या एका वडिलांनी मोबाइल काढला. एक आई पंख्याची पाती मोजू लागली. पाती तीनच होती, तरी तिला बराच वेळ लागला.

"उत्तरासाठी मुदत मागता येते," ताई हळूच म्हणाली.

"घ्या ना मुदत," मागून कोणीतरी कळवळून पुटपुटलं.

"मला," मी म्हणाले. "मला माहीत होतं. रोज माहीत होतं."