जयवंताबाई बसल्या की गाडी बंद

बरकतपुऱ्यातले हिम्मतराव छातीठोकपणे सांगायचे, की आपल्या तेवीस वर्षांच्या गाडीला काय होतंय ते आपल्याला नुसत्या आवाजावरून कळतं, मेकॅनिकचं तोंड बघायची गरज नाही. त्यामुळं रविवारी सकाळी, बायकोच्या भाचीच्या, शिल्पाच्या लग्नाला निघताना दारातच गाडी बंद पडली तेव्हा ते मनातून खूशच झाले.

बॉनेट उघडून त्यांनी बॅटरीची टोकं घासली, प्लग पुसले. गाडी चालू. त्यांच्या पत्नी जयवंताबाई जरीची साडी सावरत शेजारी बसल्या. गाडी खोकली आणि बंद. त्या उतरल्या, चालू. बसल्या, बंद. असं चार वेळा झालं आणि हिम्मतरावांचं डोकं पार चक्रावलं.

वरच्या मजल्यावरचे मुकुंदराव गॅलरीतून बघत होते. हिम्मतरावांनी त्यांना खाली बोलावून शेजारी बसवलं. गडी चांगला शंभर किलोंचा. सीट कण्हली, पण इंजिन मजेत चालू राहिलं. उतरताना मुकुंदरावांनी हळूच विचारलं, की वहिनींचं आणि गाडीचं काही वाकडं आहे का.

ते जयवंताबाईंनी ऐकलं.

"म्हणजे बिघाड माझ्यात आहे?"

"तसं नाही गं. पण लक्षणं बघितली तर..."

पुढचं हिम्मतरावांनी गिळलं, पण व्हायचं ते झालं होतं. शिल्पाची सख्खी आत्या अक्षतांना नसली तर भाऊ जन्मभर बोलणार नाही, तेव्हा तुम्ही बसा लक्षणं बघत, मी ऑटोनं जाते, असं त्यांनी सुनावलं. हिम्मतरावांनी हातापाया पडून त्यांना शेवटचं एकदा बसायला लावलं.

या वेळी त्यांची नजर समोरच्या मीटरच्या काट्यांवर नव्हती, बायकोवर होती. जयवंताबाई बुटक्या. बसल्या बसल्या त्यांनी सवयीनं सीट खटकन पुढं ओढली, आणि इंजिन गप्प. उतरताना ती तशीच मागं ढकलली.

हिम्मतराव सीटखाली शिरले. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाकडं जाणारी वायर तिथं सोलवटून निघाली होती. सीट पुढं आली की रुळाखाली चेंगरायची. काळी टेप गुंडाळून, कोपरापर्यंत काळे होऊन ते बाहेर आले. आता सीट पुढं-मागं कशीही करा, गाडी सुरूच.

जयवंताबाई मागचं दार उघडून मागच्या सीटवर बसल्या आणि नारायणगुड्यातल्या लग्नाच्या हॉलपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

फंक्शन हॉलच्या वॉचमननं धावत येऊन त्यांचं दार उघडलं, सलाम ठोकला. मग हिम्मतरावांच्या हातांकडं आणि शर्टाकडं बघून म्हणाला, "ड्रायवर लोगां का खाना पीछे है, उदर जाव."

हिम्मतरावांनी आशेनं बायकोकडं पाहिलं.

"हौ भय्या," जयवंताबाई पदर नीट करत म्हणाल्या, "पेट भर के खिलाव. सुबे से भौत मेहनत करे उनो."