कंसाबाहेरचं वजा

या हिवाळ्यात मी बीजगणित पास होणार, हे मी वायरलेसवरून जाहीर करून टाकलं होतं.

आमच्या काउंटीच्या रस्ते खात्यात बर्फ हटवणाऱ्या ट्रकांना कुठे जायचं ते मी सांगते. पर्यवेक्षकाची जागा रिकामी होणार होती आणि तिला दोन वर्षांची पदवी लागत होती. माझ्या पदवीला एकच भोक होतं, गणिताचं. मुलगी पोटात असताना सोडलेला तो एक विषय अजून तसाच पडून होता.

"ऐका रे सगळे," मी माइकवर म्हटलं, "वसंत येईपर्यंत बीजगणिताचा फडशा पाडते की नाही बघा."

"लॉरेटा," पलीकडून ट्रकवाल्या ड्वेनचा आवाज आला, "आधी मिल रोडवरच्या बर्फावर मीठ कोण टाकणार ते सांग."

खरं तर फॉक्स हॉलो कम्युनिटी कॉलेजात मी सगळ्यात सोपा कोर्स निवडला होता. त्यात म्हणे मतदान, घरखर्च आणि लॉटरी यांचं गणित शिकवतात. पण विद्यार्थी कमी पडले, तो कोर्स रद्द झाला, आणि मला उचलून संध्याकाळच्या बीजगणितात टाकलं. शिकवणारा कोण, ते अजून ठरायचं होतं.

पहिल्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले. माझा पाय बाकाखाली शिवणयंत्रासारखा चालू होता. दार उघडलं, कोटावरचा बर्फ झटकत मास्तर आत आला, आणि माझा पाय थांबला.

तो एमेट ऑसगुड होता. माझ्या मुलीने, ब्रिजेटने, पत्रिका वाटून झाल्यावर, हॉल ठरल्यावर, केकची चव घेऊन झाल्यावर ज्याच्याशी लग्न मोडलं, तोच. ब्रिजेट लगेच डेन्व्हरला निघून गेली. मी मात्र याच गावात राहिले आणि तेव्हापासून सुपरमार्केटात एमेट दिसला की कलिंगडांच्या ढिगामागे लपत आले.

त्याने हजेरी घ्यायला सुरुवात केली. माझ्या नावाशी येऊन तो अडखळला.

"लॉरेटा... डॉम्ब्रोस्की."

"हजर," मी म्हटलं. आवाज असा निघाला, जणू कपाटामागे उंदीर अडकलाय.

त्याच्या हातातला मार्कर खाली पडला. उचलायला वाकला तो बराच वेळ वर आलाच नाही.

तिथून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. तो फळ्याकडे वळला की मी त्याच्या पाठीकडे बघायची, तो वर्गाकडे वळला की वहीकडे. पहिल्या चाचणीचा पेपर परत आला तो असा लाल, की स्वयंपाकघरात हात कापला असावा असं वाटेल. घरी आल्यावर मी धुतलेली भांडी पुन्हा धुवायला काढली.

"हा सूड आहे," मी वेंडेलला म्हटलं. वेंडेल माझा नवरा. तो मासेमारीचे गळ पुसत बसला होता.

"अगं, एमेट तसा नाही."

"तसा नाही काय? त्याच्या जागी मी असते तर मला पहिल्याच दिवशी नापास केलं असतं."

"म्हणून तर देवाने तुला मास्तर केलं नाही," वेंडेल म्हणाला आणि पुढचा गळ उचलला.

दुसऱ्या दिवशी मी तडक कॉलेजच्या समुपदेशकाकडे गेले. मिस ऑफुट नाव तिचं. गोड बाई, कानात मोत्याच्या कुड्या, मेजावर कॅक्टस.

"मला वर्ग बदलून हवाय," मी खुर्चीच्या टोकावर बसत म्हटलं.

"संध्याकाळचा तेवढा एकच वर्ग आहे. कारण काय म्हणायचं?"

"आता काय सांगू तुम्हाला. त्या मास्तराशी आमचं जुनं नातं आहे. लग्नापर्यंत गेलेलं. ऐन वेळी मोडलं."

तिचं पेन हवेतच राहिलं. "मिस्टर ऑसगुडशी? तो तर... तिशीतला आहे."

"मला नका त्याचं वय सांगू. त्याच्या वाढदिवसाचे केक मीच भाजलेत."

"आणि तुम्ही विवाहित आहात ना?"

"चांगली तीस वर्षं झाली."

"मग तुमच्या नवऱ्याला हे..."

"माहीत म्हणजे? हॉल त्यानेच ठरवला होता. फार जीव होता त्याचा एमेटवर. दर रविवारी जेवायलाच असायचा आमच्याकडे."

मिस ऑफुट उठली आणि दार लावून आली. मग तिने माझ्यापुढे कागदी रुमालांचा डबा सरकवला.

"लॉरेटा, आता तो तुम्हाला त्रास देतो का?"

"त्रास तर काय, पेपर बघा माझा."

"कॉलेज हे फार गांभीर्याने घेईल," ती हळूच म्हणाली.

किती समजूतदार माणसं आहेत, असं म्हणत मी बाहेर पडले. एका बीजगणिताच्या वर्गासाठी बिचारीचे डोळे पाणावले होते.

पुढच्या तासाला एमेट आलाच नाही. त्याच्या जागी कुणीतरी पाहुणा मास्तर आला आणि वर्गाकडे न बघता पुस्तक वाचून गेला. शेजारी बसणारी योलांडा, नर्सिंगसाठी गणित करणारी, माझ्या कानाशी लागली.

"ऐकलंस का? त्याला वर्गावरून काढलंय. कुणातरी विद्यार्थिनीशी लफडं."

"एमेटचं? शक्य नाही," मी म्हटलं.

"अगं, आणि याच आठवड्यात त्याची कायमच्या नोकरीची मुलाखत होती. तीही अडकली. एवढी वर्षं तीन कॉलेजांत गाडी पळवत शिकवतोय बिचारा."

मला जेवण गोड लागेना. कोण असेल ती मुलगी? वर्गातल्या एकेकीकडे मी संशयाने बघून घेतलं. कामावर गेले तर वायरलेस नेहमीपेक्षा शांत. मग ड्वेन खाकरला. त्याची बायको कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये असते.

"लॉरेटा, गणिताचा अभ्यास कसा चाललाय?"

"बरा आहे. का?"

"काही नाही. आम्हा सगळ्यांचा तुला पाठिंबा आहे, एवढंच."

मागून आणखी चार ट्रकांनी हॉर्न वाजवले. मला वाटलं, परीक्षेसाठी.

शुक्रवारी कॉलेजच्या डीननी, डॉक्टर फेअरचाइल्डनी, बोलावलं. सोबत जवळचं माणूस आणलं तरी चालेल, असा निरोप होता, म्हणून मी वेंडेलला नेलं. त्यांच्या खोलीत मिस ऑफुट होती, आणि कोपऱ्यात एमेट. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. मला बघून तो उभा राहिला आणि काय करावं ते न सुचून पुन्हा बसला.

"मिस्टर डॉम्ब्रोस्की," डीन फार जपून म्हणाले, "हे तुमच्यासमोर बोलणं तुम्हाला जड जाईल."

"जड गेलं, खोटं कशाला बोलू," वेंडेल म्हणाला. "तळ्यावर मासे धरायला त्याच्यासारखा जोडीदार पुन्हा मिळाला नाही."

डीननी मिस ऑफुटकडे पाहिलं. मिस ऑफुटने कुड्या चाचपल्या.

"म्हणजे या नात्याला तुमची संमती होती?"

"संमती? पाहुण्यांच्या बसपर्यंत सगळं मी ठरवलं होतं. आमची ही तर तो गेल्यावर आठवडाभर रडत होती."

"मी रडले," मी म्हटलं, "कारण असं पोर पुन्हा मिळायचं नाही."

खोली गरम ठेवणारा रेडिएटर टकटक करत होता. मग कोपऱ्यातून एमेटचा घोगरा आवाज आला.

"सर, त्यांच्या मुलीशी. माझं लग्न त्यांच्या मुलीशी ठरलं होतं. ब्रिजेटशी."

"मग आणखी कुणाशी?" मी म्हटलं.

आणि मग माझ्या डोक्यात एकेक दिवा पेटत गेला. केक. रविवार. कागदी रुमाल. चार ट्रकांचे हॉर्न. मानेपासून कपाळापर्यंत मी अशी तापले, की रेडिएटर बंद केला असता तरी चाललं असतं. मिस ऑफुटने तो डबा आता स्वतःकडे ओढून घेतला. वेंडेलला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्याने माझ्याकडे आणि एमेटकडे आळीपाळीने पाहिलं आणि इतका हसला, की त्याला पाणी द्यावं लागलं.

"एमेट," मी म्हटलं, "मला वाटलं, तू मला मुद्दाम नापास करतोयस."

"मिसेस डी, आणि मला वाटलं, तुम्ही माझ्यावर नजर ठेवायला आलात. फळ्याकडे वळलो की पाठ जळायची माझी. नापास तुम्ही होताय, पण त्यात माझा हात नाही."

चुकून का होईना, मी त्याचं ताट उधळलं होतं. मी डीनना म्हटलं, मुलाखत पुन्हा लावा, नाहीतर मी या खोलीतून उठणार नाही. वेंडेलने माझ्या शेजारी पाय पसरून बसून दाखवलं. निवड समिती सोमवारी आमच्या वर्गात येऊन एमेटचं शिकवणं बघेल, असं ठरलं.

आता या पोराची भरपाई करायची ती आपणच, असं मी मनाशी पक्कं केलं. शनिवार-रविवार मी कंस सोडवत बसले. स्वयंपाक वेंडेलने केला, म्हणजे डबे उघडले. सोमवारी समितीची माणसं मागे कोट मांडीवर घेऊन बसली. एमेटच्या कपाळावर घाम होता. फळ्यावर गणित लिहून त्याने विचारलं, "कोण सोडवेल?"

कुणी हात वर करायच्या आत मी उठले होते.

समोर होतं दहा वजा, कंसात एक्स वजा चार. मी ठसक्यात कंस काढून टाकला आणि खाली लिहिलं, दहा वजा एक्स वजा चार. खाली रेघ मारली. वळून समितीकडे बघून हसले. योलांडाने कपाळावर हात मारून घेतला, तेव्हा मला शंका आली.

एमेट फळ्याशी आला. माझी ओळ त्याने पुसली नाही.

"मिसेस डी, वायरलेसवर तुम्ही सांगितलंत, मिल रोड बंद, मागे फिरा. तर फक्त पहिला ट्रक फिरतो की मागचेही?"

"सगळे. नाहीतर मी त्यांची खैर ठेवत नाही."

"हे कंसाबाहेरचं वजा म्हणजे तुम्ही आहात. आत कोण कोण आहे?"

मी फळ्याकडे बघत राहिले. "एक्स फिरला," मी म्हटलं. "त्याच्या मागचा तो वजा चार तसाच पुढे चाललाय. मूर्ख आहे का तो?"

"मग सांगा त्याला."

मी वजाचं अधिक केलं. दहा वजा एक्स अधिक चार. मागून कुणीतरी हळूच "अच्छा" म्हणालं. ते समितीतलं होतं की वर्गातलं, कळलं नाही. मी मान खाली घालून जागेवर येऊन बसले. माझ्या हाताने मी त्याची नोकरी दुसऱ्यांदा घालवली, याबद्दल मला शंका उरली नव्हती. घरी जाऊन कुठली भांडी धुवायची, तेही मी ठरवून टाकलं.

एमेटला नोकरी मिळाली. मीही सत्राच्या शेवटी काठावर का होईना पास झाले, आणि पर्यवेक्षकाची खुर्ची मला मिळाली. त्याच सुमारास डॉक्टर फेअरचाइल्ड जिन्यात भेटले.

"समितीला तो तास फार आवडला," ते म्हणाले. "वर्गातल्या सगळ्यात कच्च्या विद्यार्थ्याला त्याने कसं सांभाळलं, त्यावरच निवड झाली. एकाला तर शंका होती, की इतकं कच्चं कुणी असत नाही, तुम्हाला मुद्दाम चुकायला सांगून ठेवलं असणार."

ते माझ्या उत्तराची वाट बघत होते.

"म्हणजे काय," मी म्हटलं. "ठरलेलंच होतं आमचं."