रेळेकाकांनी घेतलेलं माझ्या पाठीचं माप

आधी रेळेकाकांचं नाव घेतो. ऑपरेशननंतर बारा दिवस ठाण्याच्या इस्पितळात भांडं देण्यापासून तोंड धुवायला पाणी धरण्यापर्यंत माझं सगळं त्यांनी केलं. काय झालं ते मग सांगतो.

काका डोंबिवलीतले शिंपी. चाळीत माझ्या शेजारच्या खोलीत एकटेच राहायचे. आंघोळीला जाताना टॉवेल विसरतील, पण गळ्यातली टेप नाही. माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, पाठी राहायच्या. पोस्टमनला म्हणायचे, "डावा खांदा पाऊण इंच उतरलाय तुमचा. थैली उजवीकडे घ्या." एकदा चाळीत मुलगी बघायला आलेल्या मुलाला त्यांनी सगळ्यांदेखत उभं केलं आणि जाहीर केलं, "मुलगा चांगलाय, पण कंबर तिरकी. पँट कधी नीट बसायची नाही." मुलगा पोहे अर्धे टाकून गेला.

मी सातवीत शाळा सोडून परभणीकडून आलेलो. रंगाच्या कंपनीत पिंपं उचलायचो. वर्षभर कंबर दुखली, मग कळ डाव्या पायात उतरली आणि मी एका अंगाला कलून चालायला लागलो. डॉक्टर म्हणाले, "मणक्यातली चकती सरकून नस दाबतेय. ऑपरेशन करून घ्या. पायाची ताकद जायच्या आत या."

पाठीला सुरी म्हटल्यावर मी थेट काकांचं दार गाठलं. काकांनी मला दारात उभं करून दोन्हीकडून कमरेपासून जमिनीपर्यंत टेप लावली. "इंचाचा फरक आहे. होईल रे सरळ. दर रविवारी माप घेऊ. घाई कशाला?"

मग दर रविवारी चहा, खारी आणि माप. "पाऊण इंच!" पुढे, "अर्धा राहिला रे, लेका!" मी खूश. डॉक्टर शिकलेले खरे, पण टेपवर आकडे छापलेले असतात ना!

एक दिवस स्टेशनच्या जिन्यावर मागून एक बाई ओरडल्या, "ओ भाऊ, चप्पल!" डाव्या पायातली चप्पल कधी निघाली, मला कळलंच नव्हतं. पंजा वर उचलत नव्हता.

ऑपरेशन झालं. कळ गेली, पंजाची ताकद मात्र पुरती परतली नाही. "दोन महिने आधी यायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. मी काकांवर भडकलो. ते मोसंबी सोलत होते.

"फरक कमी होतच नव्हता," ते म्हणाले. "मी खोटं सांगायचो."

"का?"

"ऑपरेशन झालं की वडील तुला गावाला नेणार. मग रविवारी..." फोडींवरचे दोरे काढत बसले.

"तोंड दाखवू नका परत," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी ते मऊ भात घेऊन हजर. पुढचे सात दिवस त्यांनी माझं सगळं केलं आणि मी एक शब्द बोललो नाही. वडील न्यायला आले तेव्हा रिक्षात बसताना मागेसुद्धा पाहिलं नाही.

गावाहून परत आलो, आता आंबिवलीत राहतो, बसून करायचं काम मिळालंय. डोंबिवली चार स्टेशनांवर. राग कधीच गेला. त्यांचं खोटं मला हवं होतं म्हणूनच मी ते धरून बसलो, हे आता कळतं. तरी जाणं झालेलं नाही, लाज वाटते.

परवा चाळीतला एक जण भेटला. काकांना मोतीबिंदू झालाय. दुकान बंद. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणतात, "दिसतंय मला, घाई कशाला?"

काका, एक दिवस मी येणार आहे. काय वाटेल ते खोटं बोला, मी हाताला धरून नेईन. आणि डोळ्यावरची पट्टी निघेपर्यंत उशाशी बसेन. या वेळी बोलेनसुद्धा.